आईची चित्रं कोणत्या देशाची?

(वाचकांसाठी पत्राचा गोषवारा: 'माझी आई चित्रकार. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही आधी ओमानमध्ये, मग इंडोनेशियात राहिलो. मी कॉलेजला बाहेर पडले तेव्हा आईबाबा नॉर्वेला गेले. आई प्रत्येक ठिकाणी चित्रं काढत राहिली. आता ती ७४ वर्षांची आहे, बाबा नाहीत, ती माझ्याकडे असते. तिच्या चित्रांचं पुस्तक करावं, जमलं तर प्रदर्शन भरवावं, असं मला फार वाटतं. एका गॅलरीत दाखवली, तर म्हणाले, चित्रं चांगली आहेत पण एका हातची वाटत नाहीत, शैली एक नाही. भाऊ म्हणतो, देशांप्रमाणे तीन भाग कर आणि पुढे चित्रंही तशीच वाटून घेऊ. माझी मुलगी विचारते, आजीने दुसऱ्यांची संस्कृती उचलली असं लोक म्हणणार नाहीत का? ओमानची चित्रं फार फिकी आहेत. आई तिथे एकटी पडली होती म्हणून, असं बाबा सांगायचे. नॉर्वेची मोठी चित्रं गुंडाळून माळ्यावर आहेत. तिने रंगवलेली कापडंही पेटीत आहेत, ती मी यात धरत नाही. आईला विचारलं तर "चित्रं आहेत ना, ती बघा" एवढंच म्हणते. आणि एक गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही. लहानपणी ती दार लावून चित्रं काढायची आणि मी बाहेर बसून असायचे. तिचं आयुष्य मांडायला निघाले आहे, पण ते दार मनातून जात नाही.')

नमस्कार ताई,

आधी भावाच्या सूचनेबद्दल बोलते, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. देशांप्रमाणे तीन भाग करू नका. सोपं आहे हे खरं, पण त्यातून जे पुस्तक होईल ती तुमच्या बाबांच्या बदल्यांची यादी असेल. कुठे जायचं हे आईने ठरवलेलं नव्हतं. तिथे पोचल्यावर काय बघायचं, कशावर आणि कशाने काढायचं, हे मात्र तिचं होतं. पुस्तक त्याचं व्हायला हवं.

तुम्ही पाठवलेले फोटो मी बराच वेळ बघत होते. ओमानची चित्रं वहीच्या पानाएवढी आहेत, सगळी जलरंगात. पांढरी भिंत, अर्धं उघडं दार, फरशीवर पडलेला दुपारच्या उन्हाचा पट्टा. इंडोनेशियातल्या चित्रांत आकाश जवळपास नाहीच, पानं कागदाच्या चारही कडांपर्यंत भरलेली आहेत. नॉर्वेत एकदम तैलरंग, मोठे कॅनव्हास, पावसात भिजलेली छपरं आणि करडं पाणी. वरवर बघितलं तर तीन वेगळे चित्रकार वाटतील. पण कडा बघा. ओमानच्या जवळपास प्रत्येक चित्रात उजवीकडे किंवा डावीकडे दार-खिडकीच्या चौकटीची एक उभी पट्टी आली आहे. इंडोनेशियाच्या बागेच्या चित्रांतही खाली खिडकीचा कट्टा दिसतो. म्हणजे चित्रकार घरात बसलेली आहे आणि तिथून बाहेर बघते आहे. नॉर्वेच्या चित्रांत ती चौकट नाही. तिथे ती रस्त्यावर, धक्क्यावर उभी आहे.

आता हे तुमच्या पत्रातल्या वयांशी लावून बघा. ओमानला गेलात तेव्हा तुम्ही चार वर्षांच्या होतात आणि भाऊ त्याहून लहान. जलरंग हे असं माध्यम आहे की मूल उठलं तर ब्रश पाण्यात टाकून उठता येतं, आणि तासाभराने परत येऊन वाळलेल्या रंगावर पुढचा हात देता येतो. वही मिटली की सगळा पसारा आवरला. तैलरंगाला वेगळी जागा लागते. टर्पेंटाइनचा वास, हाताला न लागेल अशा ठिकाणी ठेवायचा ओला कॅनव्हास, वरचा थर वाळायला दिवस किंवा आठवडे आणि आतून पुरता वाळायला महिनोन्महिने. तुम्ही दोघं घराबाहेर पडल्यावर तिने कॅनव्हास मोठा केला, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. तिच्या चित्रांचा आकार आणि माध्यम यांनी तिच्या दिवसाचा हिशोब लिहून ठेवला आहे. मी तुमच्या जागी असते तर चित्रं या क्रमाने लावली असती: घराच्या आतून काढलेली, उंबरठ्यावरून काढलेली, बाहेर उभं राहून काढलेली. देशाचं नाव चित्राखालच्या ओळीत येईलच.

ओमानच्या फिकेपणाबद्दल थोडं थांबा. आई एकटी पडली होती म्हणून चित्रं फिकी, हे बाबांचं म्हणणं खरं असेलही. पण जलरंगातले काही रंग उजेडाने उडतात, विशेषतः गुलाबी आणि किरमिजी छटांचे. ॲलिझरिन क्रिमसन तर यासाठी प्रसिद्धच आहे. वर्षानुवर्षं उजेडाच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रातून गुलाबी निघून जातो आणि मागे निळसर-पिवळट उरतं. तपासणं अवघड नाही. एक चित्र चौकटीतून बाहेर काढा आणि कागदाभोवती जो पुठ्ठ्याचा माउंट असतो तो हलक्या हाताने उचला. चिकटवलेला असेल तर ओढू नका, चौकटी करणाऱ्या जाणकाराकडून सोडवून घ्या. माउंटखाली झाकलेली अरुंद पट्टी उजेडात आलेली नसते. तिथला रंग मधल्या रंगापेक्षा भडक दिसला, तर ती भिंत मुळात पांढरी नव्हती, गुलाबी होती. मग आईच्या उदास वर्षांची जी गोष्ट घरात इतकी वर्षं चालत आली आहे, ती खिडकीतल्या उन्हाने तयार केलेली असू शकते. आणि पट्टीही तितकीच फिकी निघाली, तर आईने रंग जाणून फिका ठेवला होता. तेव्हा का, हे तिला विचारायचं. दोन्हींपैकी काहीही निघो, पुस्तकात 'एकाकीपणाची वर्षं' असं प्रकरण त्याआधी लिहू नका.

गॅलरीवाल्यांचं मत मनाला लावून घेऊ नका, पण समजून घ्या. त्यांना भिंतीवर एक नजर टाकताच ओळखू येईल असा हात हवा असतो. त्यांच्या कामाची ती गरज आहे. शैली बदलली म्हणजे चित्रकार कच्ची, असं त्यातून निघत नाही. अमृता शेरगिल १९३४ मध्ये पॅरिसहून भारतात आली, अजिंठा पाहिला, दक्षिणेत फिरली, आणि तिची माणसं, रंग, चित्रातली जागा सगळंच बदललं. पण तुमच्या आईच्या अधिक जवळची मला तुर्कस्तानची चित्रकार फहरुनिसा झैद वाटते. इस्तंबूलजवळच्या बेटावर १९०१ मध्ये तिचा जन्म. दुसरं लग्न इराकच्या राजघराण्यातल्या मुत्सद्द्याशी झालं आणि त्याच्या नेमणुकांबरोबर ती बर्लिन, बगदाद, लंडन अशी फिरली. राजदूताची बायको म्हणून पाहुण्यांची सरबराई आणि त्याच घरात एका खोलीत स्टुडिओ. तिथे तिने भिंतभर अमूर्त चित्रं केली, काळ्या रेघांनी तुकडे पाडलेली, काही तर पाच मीटरहून रुंद. १९५८ मध्ये इराकमध्ये सत्तापालट झाला, राजघराण्यातली माणसं मारली गेली आणि लंडनचं सरकारी घर हातचं गेलं. तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतः स्वयंपाक करायला लागली. आणि उरलेली हाडं टाकून न देता तिने ती रंगवली, पुढे पारदर्शक राळेत बसवून त्यांची शिल्पं केली. त्याच काळात ती व्यक्तिचित्रांकडे वळली. १९७५ मध्ये मुलाजवळ राहायला अम्मानला गेली आणि तिथे आपल्या घरी बायकांना चित्रकला शिकवायला लागली. १९९१ मध्ये ती गेली. २०१७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा अमूर्त चित्रं आणि व्यक्तिचित्रं एकाच प्रदर्शनात मांडली होती. एक शैली नाही ही तेव्हा अडचण ठरली नाही, कारण बदल कुठे झाला आणि का झाला हे बघणाऱ्याला कळत होतं. तुम्हालाही तेवढंच करायचं आहे. सांधे दिसू द्या. ओमानची शेवटची वही आणि इंडोनेशियातलं पहिलं चित्र शेजारी लावा.

कापडांबद्दल मात्र माझं म्हणणं ठाम आहे. ती यादीत धराच. चित्रकार सोनिया डेलोनेने १९११ मध्ये आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून एक पांघरूण शिवलं. तिचा जन्म आजच्या युक्रेनमधला, बालपण सेंट पीटर्सबर्गला, शिक्षण जर्मनीत आणि संसार पॅरिसमध्ये. शेतकऱ्यांच्या घरी लहानपणी पाहिलेली गोधडी तिच्या डोक्यात होती. शिवून झाल्यावर ते तुकडे तिला आणि तिच्या चित्रकार नवऱ्याला नव्या चित्रकलेसारखे दिसायला लागले, असं ती स्वतः सांगायची. ते पांघरूण आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. घरासाठी केलं म्हणून ते कमी कलेचं, असा भेद तुमच्या आईनेही केला नसेल. तुम्ही तिच्या वतीने करू नका.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही त्या पेटीत आहे, आणि तो प्रश्न तिने विचारला याचं मला कौतुक वाटतं. तुम्ही लिहिता की इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात आई एका बाईंकडे बाटिक शिकायला जायची. बाटिक म्हणजे गरम मेणाने कापडावर रेघा ओढायच्या, रंगात बुडवायचं, मेण असेल तिथे रंग चढत नाही, शेवटी उकळत्या पाण्यात मेण उतरवायचं. रेघ ओढायचं हत्यार म्हणजे चांतिंग, लाकडी दांड्याला तांब्याची वाटी आणि तिला बारीक तोटी. हात थांबला की मेणाचा थेंब पडतो आणि तो कापडावर राहतो. असं काम पुस्तकात बघून येत नाही, कोणाच्या तरी शेजारी बसावं लागतं. इंडोनेशियाच्या बाटिकला युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. योग्याकार्ताच्या दरबारात काही नक्ष्या पूर्वी राजघराण्यापुरत्या राखलेल्या असत. 'पारांग'ची तिरकी नक्षी त्यांतली एक. तेव्हा आईला विचारा: त्या बाईंचं नाव काय, त्यांनी काय शिकवलं, कोणती नक्षी काढू नको म्हणाल्या का, आणि तू स्वतःचं काय केलंस? हे सगळं पुस्तकात त्या कापडाशेजारी छापा. उचलेगिरीचा आरोप बहुतेक वेळा तिथे येतो जिथे शिकवणाऱ्याचं नाव पुसलेलं असतं. नाव असलं, नातं सांगितलं, आणि चित्रातली माणसं शोभेसाठी उभी केलेली नसली, तर वाचक प्रामाणिकपणे ठरवतील. एखादं चित्र आज तुमच्या मुलीला खटकलंच, तर तिने आजीलाच विचारावं. आजी तिला तुमच्यापेक्षा जास्त सांगेल, असा माझा अंदाज आहे.

आता आईच्या न बोलण्याबद्दल. 'चित्रं आहेत ना, ती बघा' हे मला टाळण्यासारखं वाटलं नाही. ती तुम्हाला कसं विचारायचं ते सांगते आहे. 'तुझा प्रवास कसा होता' या प्रश्नाला चित्रकाराकडे उत्तर नसतं, आणि कोणत्या वर्षी काय केलं हे ७४ व्या वर्षी कोणाला आठवतं? एकावेळी एकच चित्र तिच्या हातात द्या. हे कुठे बसून काढलंस, खिडकी कोणत्या बाजूला होती, हा हिरवा कसा केलास, इथे काहीतरी पुसलंयस का? हाताला आठवतं ते तोंडावर येतं. फोनवर आवाज मुद्रित करा, सुरुवातीला चित्राचा क्रमांक मोठ्याने बोला. अर्ध्या तासात थांबा, ती रंगात आली असली तरी. थकवा आला की पुढच्या वेळी ती बसायलाच नको म्हणेल. तिने सांगितलेलं साल पासपोर्टच्या शिक्क्याशी जुळलं नाही तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, दोन्ही नोंदवा.

यादी करताना प्रत्येक चित्राचा पुढून फोटो काढता तसाच मागूनही काढा. मागची बाजू फार बोलते. लाकडी चौकटीवर दुकानाचा शिक्का, पेन्सिलीत लिहिलेली तारीख, जकातीची चिठ्ठी, कधी तर पुरवून वापरलेल्या कॅनव्हासवर आधीचं अर्धवट चित्र. दिवसाच्या सौम्य उजेडात, थेट ऊन टाळून, कॅमेरा चित्राला समांतर धरून फोटो घ्या. माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी. माध्यम, ठिकाण, साल, सही कुठे आहे, आत्ता चित्र कोणाकडे आहे. क्रमांक कागदाच्या मागे खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर काही लिहू नका, मागच्या लाकडावर लिहा. भेट दिलेली, विकलेली चित्रंही यादीत घ्या. त्या त्या देशातल्या जुन्या शेजाऱ्यांना पत्र टाका, कित्येकांच्या भिंतीवर ती अजून असतील. आईची पत्रं, रंगांच्या पावत्या, चित्रांच्या कडेला लिहिलेल्या टिपा फेकू नका. शेरगिलची पत्रं आणि लेखन तिचा भाचा, चित्रकार विवान सुंदरम, याने संपादित करून २०१० मध्ये दोन खंडांत आणलं. घरातल्या माणसाने जपल्याशिवाय असं काम उभं राहत नाही.

जपणुकीचं थोडक्यात. कागदावर तपकिरी ठिपके दिसत असतील तर ती दमटपणाची खूण आहे. ते पुसायला जाऊ नका, प्लास्टिकच्या पिशव्यांतून चित्रं बाहेर काढा आणि आम्लविरहित कागदात, हवा खेळेल अशी ठेवा. ओल्या फडक्याने, पावाने, बटाट्याने तैलचित्र साफ करण्याचे घरगुती उपाय कोणी सुचवले तर अजिबात ऐकू नका. माळ्यावरच्या गुंडाळ्या स्वतः उलगडू नका. रंगाची बाजू आत ठेवून घट्ट गुंडाळलं असेल तर उघडताना रंग दबतो, तडकतो. गुंडाळायचंच असेल तर रंग बाहेर ठेवून, रुंद नळीवर गुंडाळतात. चित्रसंवर्धकाला एकदा दाखवा, खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. आणि उलगडल्यावर पांढरे रंग पिवळट दिसले तर घाबरू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, सौम्य उजेडात काही काळ ठेवलं की बरंचसं उतरतं.

आणि ते दार. ताई, त्या दाराबाहेर बसलेल्या मुलीला काय वाटलं ते खरं आहे. आई मोठी चित्रकार ठरली म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि चित्रांचं पुस्तक सुंदर झालं म्हणून ते भरूनही येणार नाही. म्हणून माझी विनंती आहे की हे दोन विषय एकत्र करू नका. आवाज मुद्रित करताना मध्येच तो प्रश्न काढलात तर तिला वाटेल, इतके दिवस माझी चित्रं बघत होती ती यासाठी. वेगळा दिवस निवडा, चित्रं समोर नसताना. जाब विचारल्यासारखं नको, तुमचं काय झालं ते सांगा: मी बाहेर बसायचे, मला आत यायचं असायचं. पुढचं तिला बोलू द्या. कदाचित ती माफी मागेल, कदाचित चिडेल, कदाचित म्हणेल की तो दिवसातला एकच तास होता. तुमच्या आठवणीत तो अख्खी दुपार असेल. दोघींचंही ऐकून घेण्याजोगं आहे. वहीच्या पानाएवढी ती चित्रं बघून मला एवढंच म्हणता येईल की तिच्याकडे फार सलग वेळ नव्हता. ते तुमच्या दुःखावरचं उत्तर नाही, पण माहिती म्हणून जवळ ठेवा.

फ्रेंच चित्रकार एलिझाबेथ व्हिजे ल ब्रनने आपल्या लेकीला कवेत घेऊन काढलेली दोन आत्मचित्रं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. मायलेकींच्या प्रेमाचं चित्र म्हटलं की लोक तीच दाखवतात. १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ती नऊ वर्षांच्या त्या लेकीला घेऊन पॅरिस सोडून निघाली. इटली, व्हिएन्ना, रशिया, सगळीकडे चित्रं काढून दोघींचं पोट भरलं. आणि रशियात लेकीने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा जे फाटलं ते पहिल्यासारखं कधी झालं नाही. लेक १८१९ मध्ये आईच्या आधी गेली. ती चित्रं खोटी नव्हती आणि ते भांडणही खोटं नव्हतं. तुमच्या पुस्तकात तुम्ही प्रस्तावना लिहाल, तेव्हा आदर्श आईचं चित्र रंगवायची सक्ती स्वतःवर करू नका. आईची परवानगी असेल तर त्या दाराबद्दल दोन ओळी लिहा. नसेल तर लिहू नका, हा तिच्या हयातीतला तिचा हक्क आहे.

शेवटी वाटणीचा प्रश्न. आई आहे तोवर चित्रं तिची आहेत आणि वाटणी हा तिचा निर्णय आहे. ती काय म्हणते ते लेखी घ्या, आणि त्यात चित्र कोणाकडे राहणार एवढंच नको, ते छापायची परवानगी कोण देणार हेही स्पष्ट असू द्या. या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत आणि भावंडांची भांडणं बहुधा दुसरीवरून होतात. ओमान एकाकडे आणि नॉर्वे दुसऱ्याकडे गेलं तर चित्रांतली ती चौकट कधी सुटली हे पुन्हा कोणालाच दिसणार नाही. जी चित्रं एकत्र अर्थ देतात ती एकत्र ठेवा, मग ती कोणाच्याही घरी असोत. भावाला सध्या कामाला लावा: जुन्या शेजाऱ्यांना पत्रं लिहायचं आणि पासपोर्टवरच्या तारखा उतरवून काढायचं काम त्याच्याकडे द्या. यादी पुरी झाली की तिची एक प्रत त्याला, एक तुमच्या मुलीला आणि एक आईला द्या. वाटणीचं बोलणं त्यानंतर, आईच्या समोर.